मशीनच्या खड्ड्याचं पाणी

एटापल्ली,
१४ मे १९८९, रविवार

प्रिय देवाजीभाऊ,

सप्रेम जयभीम. वरोऱ्याला कापसाचं जिनिंग अजून चालू आहे की हंगाम संपला? इकडे ऊन फार आहे.

घरचं काही लिहायचं नाही असं मोठ्या मायनं मला बजावलं आहे. दिवाळीत तू भांडून गेलास तेव्हा ती म्हणाली होती, “माह्या पोटचा आहे तं येईल आपल्या पायानं. मी बोलावनार नाई अन् कोनी त्याले कागदही लिहू नका.” ती अजून तेच म्हणते. मी विचारलं, ऑफिसच्या मशीनबद्दल तरी लिहू का? म्हणाली, “मशीनबद्दल लिही.” म्हणून हे पत्र फक्त आमच्या कॉम्प्युटरबद्दल आहे. (हा शब्द साहेबांच्या टपालात पाहून लिहिला आहे, तेव्हा बरोबरच असावा.)

हे मशीन हिवाळ्यात नागपूरहून आलं. कागद नीट उतरवतो म्हणून साहेबांनी रोजंदारीवर असूनही मला त्यावर बसवलं. बटन दाबलं की काचेवर हिरवे आकडे चढत जातात, मग ते कामाला तयार होतं. होळीनंतर मात्र बिघडलं. आकडे चढतात, काच काळी होते, आणि पुन्हा पहिल्यापासून आकडे. दिवसभर तेच.

बापूराव बाबू म्हणाले, “इसरू, हे तुह्यासारखंच आहे. नववीपर्यंत येते अन् पुन्हा पहिलीत जाऊन बसते.” सगळे हसले. मीही हसलो, पण रात्री मला झोप येईना. ते मधेच का थांबतं? कुठलीही वस्तू उगीच थांबत नाही.

आधी मला फ्लॉपीचा संशय आला. ही एक काळी चौकोनी तबकडी असते, ती घातल्याशिवाय मशीन सुरूच होत नाही. दुसरी घालून पाहिली, तरी तेच. मग वाटलं, उकाड्यानं होत असेल. साहेबांनी खिडकीला वाळ्याचे पडदे लावले. खोलीला छान वास आला, मशीन तसंच राहिलं. व्होल्टेजचा काटाही पाहिला, तो जागेवर होता.

एक गोष्ट मला खटकत होती. मशीनच्या पत्र्याला बोट लागलं की मुंग्या यायच्या. साहेबांना सांगितलं तर त्यांनी हात लावला आणि म्हणाले, “कुठं काय आहे?” मी विचार करत बसलो. मग लक्षात आलं, मशीनच्या खोलीत धूळ नको म्हणून आम्ही चपला बाहेर काढतो आणि साहेब बूट घालून येतात. मी चपला घालून हात लावला. मुंग्या नाहीत. काढल्या, पुन्हा मुंग्या. म्हणजे वीज माझ्यातून जमिनीत जात होती. तिची जायची स्वतःची वाट कुठं गेली?

भिंतीमागे नागपूरच्या मेकॅनिकनं खड्डा करून तांब्याची पट्टी पुरली होती, वर कोळसा आणि मीठ. त्यालाच अर्थिंग म्हणतात. त्यानं बजावलं होतं की उन्हाळ्यात रोज एक बादली पाणी ओता, ही जमीन ओली राहिली पाहिजे. मी जाऊन पाहिलं. माती तडकली होती, पाणी ओतायच्या पाइपाच्या तोंडात कोळ्यानं जाळं केलं होतं.

ऑफिसच्या झाडलोटीबरोबर ते पाणी ओतायचं कामही मोठ्या मायकडे आहे.

तिला विचारलं तर तिनं झाडू खाली ठेवला. “पुरलेल्या कोळशाले पानी पाजून राह्यले हे लोक, अन् आपल्या टोल्यातल्या घरांची हापशी होळीपासून बंद आहे. तुले काय वाटते, मी ते पानी विकून राह्यली?”

“मंग नेतेस कुठी?”

“तुले माहीत नाई?”

मला माहीत होतं, भाऊ. ऑफिसच्या टाकीचं पाणी घरी न्यायला मनाई आहे. साहेबांना कळलं तर तिचं काम त्याच दिवशी जाईल, आणि माझ्या एकट्याच्या रोजंदारीवर घर चालणार नाही. म्हणून मी आता पहाटे नाल्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावर जातो आणि एक बादली आणून खड्ड्यात ओततो. मशीन सुरू झालं. पहिल्यांदा आकडे पूर्ण चढून तयार झालं तेव्हा मी त्याला हात लावून उभा राहिलो. मुंग्या नव्हत्या. साहेब म्हणाले, काय केलंस? मी म्हटलं, खड्डा कोरडा होता, ओला केला. का कोरडा होता ते त्यांनी विचारलं नाही. उद्या नागपूरचा मेकॅनिक येणार आहे, तो विचारील.

टाकीतही आता पिण्यापुरतंच पाणी असतं, म्हणून मोठी माय बादली नेत नाही. लांबच्या विहिरीवर जाते, तिथं वाळूच हाती येते. तिचे गुडघे तुला माहीत आहेत.

आता इथपर्यंत लिहिलं आणि ती समोर येऊन बसली. विचारलं, “मशीनबद्दलच लिहून राह्यला ना?”

मी हो म्हटलं. “पन पानी कुठी गेलं ते लिहिल्याबिगर मशीनचं पुरं होत नाई.”

ती मग उठून आत गेली. नको म्हणाली नाही, म्हणून लिहितो.

रुखमावहिनी माहेरी आहे असं तू समजत असशील. ती गेलीच नाही, इथंच बाळंत झाली. मुलगी आहे. त्या बादलीत तिची आंघोळ व्हायची. डावा कान तुझ्यासारखा दुमडलेला आहे. नाव ठेवायचं राहिलं आहे, कोणी विषयही काढत नाही.

मशीनच्या बादलीनंतर झिरा भरायला वेळ लागतो आणि तोवर माझी ऑफिसची वेळ होते. घरची बादली आणायला माणूस नाही.

तुझ्या मुलीचा काका,
इसरू