परमिट परत येईपर्यंत

स्वस्ति श्री समस्त-रायपूर-उपकेंद्राधिपती, उच्चदाब-नियंता, फ्यूजोद्धारधुरंधर, अखंड-इस्त्री-विभूषित बाबा,

कोरब्याच्या वीजकेंद्राच्या भट्ट्यांत जन्मलेले तेज उत्तुंग मनोऱ्यांवरून महाराजासारखे येते, उपकेंद्रात पायरीपायरीने मुकुट उतरवते आणि अखेरीस सदर बाजारातल्या सराफाचा पंखा व आपल्या स्वयंपाकघरातला मिक्सर यांची मुकाट चाकरी करते, हे व्याख्यान आपण मला जेवताना दिले होते. त्याच अवरोहणावर माझा चरितार्थ चालतो. आपल्याच खात्यात, नवा रायपुरात, मी अधिकारपदी विराजमान आहे.

मला मात्र ती दुपार अधिक स्मरते. राज्य नवे, मंत्री नवे, सभागृहात सत्कार, आणि नेमकी त्या भागाची लाईन दुरुस्तीसाठी बंद. मी नुकताच पदवीधर, आईसोबत आपला डबा घेऊन आलेला. खांबावर चढण्यापूर्वी लाईनमन आपल्याकडून लाईन बंद असल्याचे परमिट नेई, आणि ज्याने नेले त्यानेच समोर उभे राहून ते परत केल्याविना आपण वीज सोडत नसा. फोन वाजतो आहे. वरिष्ठ आधी विनवतात, मग दटावतात. लाईनमनच्या टोळीतला एक जण येऊन सांगतो की सगळे उतरले. आपण शांतपणे पोळी मोडता. आई कुजबुजते, "काहून अडून राहिले? नोकरी जाईन ना."

"जाईन त जाईन. तो माह्यासमोर उभा राहीन, तवाच चालू करीन."

अखेर परमिट घेऊन तो लाईनमन आला, घामाने निथळत. "हव साहेब, मैं फेर चढ़ गे रहेंव. पक्कड़ उप्पर छूट गे रिहिस." विसरलेल्या पकडीसाठी पुन्हा खांबावर चढलेल्या त्याच्यापुढे आईने डब्यातली उरलेली पोळी सरकवली. सत्कार पंख्याविना संपन्न झाला, आणि आपली बदली विनाविलंब.

आज आमच्या समता कॉलनीत भर दुपारी वीज नाही. काम संपल्याची घोषणा वसाहतीच्या व्हॉट्सॲपवर कधीच झाली. माझ्या एका फोनने लाईन चालू होईल अशी सौभाग्यवतींची दृढ श्रद्धा आहे, चिरंजीव हिंदीत म्हणतात, "पापा, एक कॉल ही तो करना है." मी खिडकीतून पाहतो. खांबाला शिडी टेकलेली, आणि वर कुणाचे तरी पाय. म्हणून फोन बाजूला सारून हा कागद घेतला, जो धाडण्याजोगा पत्ता कोणत्याही टपालखात्याकडे नाही. दोनदा मात्र अर्धा नंबर दाबून थांबलो, हे सविनय निवेदन.

पाय अद्याप वरच आहेत. इकडे फ्रिजमधला आमरस आंबून राहिला आहे, आणि तो आत्ताच संपवावा की टाकून द्यावा, यावर घरात एकमत होत नाही.