पेटीची जागा

कोल्हापूर,
ता. १८ फेब्रुवारी १९७६

प्रिय कालिंदी,

मायना लिहिताना हात थांबला. तू माहेरी असलीस की सहा वर्षे तुला 'चि. सौ.' असे लिहीत आलो. त्यातले दुसरे आता लिहिता येत नाही, आणि त्याच्या जागी जे लिहायची रीत आहे ते माझ्या हातून लिहिले जाणार नाही. म्हणून नुसते 'प्रिय'. सासऱ्याने सुनेला असे लिहावे की नाही, हा प्रश्न मी बाजूला ठेवला आहे.

तुझे पत्र गेल्या मंगळवारी मिळाले. पाच ओळी आहेत. माझ्या हालण्यामुळे हे घडले. पद्मजाचे भले ताईंकडेच होईल. दत्तकाचा कागद पाठवा, मी सही करते. तुझ्या सासूबाईंनी ते वाचून देवाजवळ ठेवले. तुझ्या नणंदेला, ताईला, त्याच दिवशी पुण्याला पत्र गेले, आणि तिचे यजमान येत्या रविवारी कागद घेऊन शिरोळला तुझ्याकडे येणार आहेत. ताईला मूल नाही, तिचे घर चांगले आहे, ती पद्मजाला जिवापाड सांभाळील. यातले काहीच खोटे नाही. परंतु तुझ्या पत्रातली पुढची दोन विधाने पहिल्या विधानावर उभी आहेत, आणि ते पहिले विधान मला तपासायचे आहे. ते तपासण्याची वेळ तीन महिन्यांपूर्वीच आली होती. तेव्हा मी ते तपासले नाही.

पद्मजाचा खोकला थांबला आहे. बालवाडीत जाते. जाताना रडत नाही, येताना मात्र कोणाशी बोलत नाही. शेजारच्या बाळाबाई तिला वाटीत शिरा देतात, तो ती अर्धा खाऊन अर्धा ठेवते. कोणासाठी ते विचारले तर सांगत नाही.

माधवची स्कूटर गेल्या एप्रिलमध्ये नंबर लागून आली, तेव्हा तूच तिला हळदकुंकू लावले होतेस. कारखान्याच्या शेतकी खात्यातले त्याचे काम तुला ठाऊकच आहे. शिरोळ भागातल्या मळ्यांतून मातीचे नमुने कापडी पिशव्यांत भरून आणायचे. एसटीच्या टपावर त्या पिशव्या फुटत, चिठ्ठ्या गळत, आणि एकाची माती दुसऱ्याच्या नावावर तपासली जाई. या घोटाळ्याचा त्याला मनापासून त्रास होई. तेव्हा स्कूटरला पेटी हवी हे ठरले. कोणती, हे ठरवायचे होते. डाव्या अंगाच्या मूळच्या डिकीत चार पिशव्यांपलीकडे काही मावत नव्हते. हँडलखाली, पुढच्या पत्र्याला लावायची एक छोटी पेटी बाजारात तयार मिळे. माधवला ती पसंत होती. तिसरा मार्ग, मागच्या बाजूला बसवायची मोठी लोखंडी पेटी मापाने करून घेण्याचा. तो मार्ग माझा होता. तू हे सारे माधवचे समजत आलीस, कारण त्याने तुला तसेच सांगितले. त्याला त्याच्या वडिलांविषयी अभिमान होता, आणि कदाचित थोडी भीतीही.

मी कागदावर आकृती काढली. चोवीस इंच लांब, चौदा रुंद, बारा उंच, अठरा गेजचा पत्रा, आत सोळा कप्पे, प्रत्येक कप्प्यावर क्रमांक. ती घेऊन आम्ही उद्यमनगरात केरबाच्या शेडमध्ये गेलो. गावातल्या निम्म्या स्कूटरींची कॅरिअरे त्याच्याच हातची आहेत. कागद उलटा सुलटा करून तो म्हणाला, "सर, ही पेटी न्हवं, बिऱ्हाड हाय की! चूल तेवढी घालायची राह्यलीय." माधव मोठ्याने हसला. मी हसलो नाही.

यानंतर प्रश्न आला जागेचा. सीटच्या मागे जादा चाक उभे असते. केरबाचे म्हणणे होते की ते चाक तिथून काढून पेटीखाली आडवे टाकावे, पेटी सीटला चिकटून बसवावी, आणि मुळात ती निम्मीच करावी. मी म्हणालो, चाक पंक्चर होते ते आडरानात. तिथे सोळा नमुने उतरवून पेटी खोलत कोण बसणार? म्हणून चाक जागेवर राहील आणि पेटी चाकाच्याही मागे, अँगल वेल्ड करून. माझ्या युक्तिवादात फट नव्हती. आजही नाही. केरबाने मान हलवली. "मागं येवढं वजन घेऊ नगासा, सर. म्होरलं चाक हालकं पडतंय. जड पिशव्या असतील तर पायापाशी ठिवा." मी विचारले, का? तो म्हणाला, "का म्हंजे? पडतंय. म्या बघितलंय की." किती वजनाला पडते? चाकापासून किती इंचांवर? सर्व गाड्यांना की काहींना? एका माणसाने पाहिले एवढ्यावरून नियम सिद्ध होत नाही, हे मी त्याला शांतपणे समजावून सांगितले. तीस वर्षे कॉलेजात तर्कशास्त्राच्या वर्गात मुलांना हेच शिकवले होते. माधव हळूच म्हणाला, "दादा, केरबाचं ऐकू या का?" मी म्हणालो, त्याने कारण दिले तर ऐकू. केरबाने टेप उचलली. "आमची साळा चौथीपातूर, सर. तुमास्नी आमी काय पटिवणार?"

त्या रात्री जेवताना केरबाचे बोलणे मी तुम्हां सर्वांना सांगितले; पेटी आणि तिची जागा माझी, हे सांगितले नाही. तू कढी वाढत होतीस. केरबाची नक्कल मी बरी केली असावी, कारण तूही हसलीस.

पेटी बसून आठ दिवस झाले नसतील, माधव म्हणाला, भरल्या पेटीने हँडलवरचा एक हात काढला की हँडल थरथरते. मी वर्तमानपत्र वाचत होतो. मी त्याला विचारले, देवाने दोन हात दिले असताना एक काढावाच का?  त्यानंतर त्या पेटीविषयी तो एका शब्दानेही बोलला नाही. जी तक्रार पुन्हा झाली नाही ती दूर झाली, असे मी धरून चाललो.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही शिरोळहून निघालात. पद्मजाला ताप होता म्हणून ती इथे आमच्याजवळ. माधवने सकाळी दोन मळ्यांतले नमुने घेतले होते. सोळाही कप्पे भरले होते आणि माती ओली होती. हातकणंगल्याच्या अलीकडे उसाच्या गाड्या लागल्या. त्याने एक गाडी ओलांडताना हँडल थरथरले, तू दचकून त्याला धरलेस, आणि स्कूटर आडवी झाली. गाडीवानाने जबाब दिला की बाई हालली. पंचनाम्यात तेच आले. आणि दवाखान्यात, माधव शुद्धीवर नसताना, तूच डोके बांधलेल्या अवस्थेत तुझ्या सासूबाईंना म्हणालीस, हँडल थरथरले आणि मी हलले. मी दाराशी उभा होतो. स्वतःच्या विरुद्ध दिलेली साक्ष सहसा खोटी नसते, हे मला तत्काळ आठवले. किती तत्काळ, याची मला आज लाज वाटते. तिसऱ्या दिवशी तो गेला. चौदाव्या दिवशी तुझे वडील, आण्णा, तुला घेऊन गेले. तुझ्या सासूबाई दारापर्यंत आल्या नाहीत, पद्मजाला त्यांनी आत धरून ठेवले होते, आणि मी आण्णांना एसटीची वेळ सांगितली. एवढेच बोललो.

जानेवारीत पोलिसांनी स्कूटर परत दिली. ती मोडीत काढायची म्हणून केरबाला बोलवायला गेलो.  हातातले काम ठेवून त्याने दुरुस्तीला आलेली एक स्कूटर ओढली, मागच्या कॅरिअरच्या पार टोकाला लोखंडाच्या तुकड्यांनी भरलेली पोती टाकली आणि मला म्हणाला, "धरा, सर. म्होरनं." मी पुढचा मडगार्ड धरला. दोन बोटांनी चाक जमिनीवरून उचलले गेले. माझ्या, सदुसष्ट वर्षांच्या माणसाच्या, दोन बोटांनी. केरबा म्हणाला, "तवाबी ह्येच दावणार हुतो. उठलोबी हुतो. तुमी म्हनलासा, हात नगं, तोंडानं सांग." हे खरे आहे. मी तसे म्हणालो होतो. वर मी त्या घटनेची हकीकत लिहिली तिच्यात हे वाक्य मला आठवत असूनही आले नाही, ही गोष्ट तुझ्या ध्यानात यावी म्हणून ती ओळ मी मागे जाऊन घातलेली नाही.

आमच्या शास्त्रात वादाचे प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावे म्हणून केला तो वाद, जिंकावे म्हणून केला तो जल्प. त्या शेडमध्ये मी जे केले त्याला यातले दुसरे नाव आहे.

आता तुझे पहिले विधान. तू हलली नाहीस असे मी म्हणत नाही. मी कोणाचे सांत्वन करण्यासाठी खोटे लिहीत नाही, हे तू जाणतेस. तू हललीस. मागे बसलेले माणूस हलतेच. उभ्या गावात रोज शेकडो बायका एका अंगाला बसून जातात, दचकतात, धरतात, आणि घरी पोचतात. तू दचकलीस ती हँडल थरथरल्यावर, आधी नव्हे. हँडल थरथरले ते पुढचे चाक हलके पडले म्हणून. चाक हलके पडले ते पेटीमुळे, आणि पेटी तिथे होती ती माझ्यामुळे. ज्याला दोनदा सावध केले गेले तो मी आहे. तुला कोणी एकदाही सावध केले नव्हते.

हे मी तुझ्या सासूबाईंना परवा सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. माझे ताट वाढणे त्यांनी थांबवलेले नाही; ताटाजवळ बसणे थांबवले आहे. ताईलाही पत्र टाकले आहे. ती मला क्षमा करणार नाही, आणि हा कागद पुढे रेटावा असे तिच्या मनात असेल तर तिला रोखण्याचा अधिकार मला उरलेला नाही. तो फक्त तुला आहे. तुझी सही नसेल तर कागद होत नाही.

हे पत्र आज लिहिण्याचे कारण काल संध्याकाळी घडले. पद्मजा ओसरीवर पाटावर एका अंगाला बसली होती, मांडीवर बाहुली. पुढे तिने उशी उभी केली होती, ते बाबा. बाहुलीला ती दटावत होती, "हलू नको हं. आई हलली म्हणून बाबा मेले." या घरात तिच्यासमोर हे कोणी म्हटले आहे, ते मी विचारले नाही; मी न बोलून तीन महिने तेच म्हणत होतो. मी तिच्याजवळ खाली बसलो आणि सांगितले, आईमुळे नाही. तिने विचारले, "मग कोणामुळे?" मी तिला सांगितले. ती पाट उचलून आत गेली, आणि रात्री माझ्या खोलीत झोपायला आली नाही. कालिंदी, सही करू नकोस. शनिवारी सकाळच्या एसटीने मी तिला घेऊन शिरोळला येतो आहे. आण्णांना सांग, मी उंबऱ्याच्या आत येणार नाही. तिचे कपडे आणि तिला तुझ्या हाती देईन आणि त्याच गाडीने परत फिरेन.

तुझाच,
दादा
(त्र्यंबक)