काखेत जाळी असलेलं जाकीट

माय, तू ज्या वयात गेलीस ते वय मी कधीच मागे टाकलं. आता माझे केस तुझ्याहून पांढरे आहेत, तरी डोकं चालेनासं झालं की तुलाच विचारावंसं वाटतं. अक्षर तुला आलं नाही, मलाही आलं नाही, म्हणून मी बोलते आहे आणि नात लिहिते आहे. तुझी पणती ती, तू पाहिली नाहीस. मी ‘मले-तुले’ म्हणते आणि ती ‘मला-तुला’ लिहिते. कागदावर असंच शोभतं म्हणते. शोभण्याचाच सगळा घोळ झाला आहे, म्हणून तर तुला हाक मारली.

ही पोर इंजिनियर आहे. कारध्याला माझ्याजवळ राहते आणि रोज पूल ओलांडून कारखान्यात जाते. तिथल्या साहेबांच्या कॉलनीत गवताचं हे एवढं मैदान आहे, आणि ती तिथे गोल्फ शिकली. गोल्फ म्हणजे काय, ते मला तिने कितीदा तरी सांगितलं. पांढरा चेंडू काठीने दूर मारायचा, मग त्याच्यामागे चालत जायचं, सापडला की पुन्हा मारायचा, आणि शेवटी तो एका बिळात गेला पाहिजे. मी म्हटलं, “बिळातच टाकाचा आहे तं हातानं नेऊन टाक ना वं. इतक्या दुरून कायले मारतेस?” ती म्हणाली, “आजी, मंग खेळ काय राहिला?” ते खरंच. पण त्यात खेळ काय आहे, ते मला अजून उमगलेलं नाही.

तर या रविवारी मोठ्या साहेबांनी तिला आपल्यासोबत खेळायला बोलावलं. सगळे बाप्ये, ही एकटी पोरगी. सकाळची थंडी, गवतावर दव, म्हणून जाकीट हवं. तिने मोबाइलवरून दोन मागवली, एक ठेवायचं आणि एक परत करायचं. एक राखाडी, मऊ, जरा सैल. दुसरं हळदीसारखं पिवळं, अंगाशी बसणारं, उन्हात धरलं की चमकायचं. शनिवारी सकाळी दोन्ही खाटेवर पसरून ती माझ्यापुढे उभी राहिली. “सांग आजी, कोणतं घालू? आरामातही पाहिजे आन् स्टाइलमधीही पाहिजे.”

इथेच माझी पंचाईत झाली, माय. तू तर मला दोन वेगळ्या गोष्टी शिकवल्या होत्या. कामाचं लुगडं वेगळं, मिरवायचं वेगळं. एकाच कपड्याने दोन्ही कामं करायची, हे तुझ्या-माझ्या वेळी कुठे होतं? मी तिला विचारलं, “तू तिथं कामाले जाऊन राहिली का मांडवात?” ती म्हणाली, “दोन्ही.”

मग मी तिला अंगणात उभी केली आणि माझी चालायची काठी तिच्या हातात दिली. म्हटलं, मार, मी पाहते. पिवळं घालून तिने काठी डोक्यामागे नेली तर जाकीट वर चढलं आणि पोट उघडं पडलं. कोंबड्या पळाल्या. राखाडी घालून मारलं तर ते अंगाबरोबर वळलं, कुठे अडलं नाही. पण त्यात ती दिसली कशी, तर राखेच्या ढिगासारखी. मी खरं ते बोलले. ती चिडली. “तुले काही समजत नाही!” म्हणून पाय आपटत आंघोळीला गेली.

तेवढ्यात मी ते राखाडी जाकीट हातात घेऊन उलटंपालटं केलं. डोळ्यांनी कमी दिसतं, बोटांना मात्र कळतं. काखेत हात गेला आणि बोटंच आरपार! दोन्ही काखांत कापड नाही, नुसती जाळी. पाठीवरही एक लांब चीर, तिच्यातून वारा जाईल अशी. म्हटलं, दुकानदारानं पोरीला फाटकं विकलं. उद्या मोठ्या साहेबांसमोर ही हात वर करील आणि सगळ्यांना दिसेल. मी सुई-दोरा काढला, जाळी आत दुमडली, चीर ओढून धरली आणि अशी घट्ट टाचली की तूसुद्धा शाबासकी दिली असतीस.

ती आली, जाकीट अंगात घातलं, काठी उचलली. हात खांद्याच्या वर जाईचना.

“आजी! का केलं तू?”

“फाटकं होतं, शिवलं.”

“फाटकं नाही वं! हवा जावाले ठेवलं होतं ते, हात फिरावाले ठेवलं होतं!”

“नवीन कपड्याले भोकं ठेवतेत? आन् त्याचे पैसेही घेतेत?”

मला वाटलं ती ओरडेल, निदान हसेल तरी. ती पायरीवर बसली आणि म्हणाली, “जाऊ दे. मी जातच नाही उद्या.” मी म्हटलं, जाकिटासाठी? तर म्हणे, जाकिटासाठी नाही. “ते लोक लहानपणापासून खेळून राहिले, आजी. मी काठी उचलली का सगळे पाह्यतेत, हे कोण आली म्हणून. कपडे तरी बरोबर असले तं अर्धी भीती जाते. आता तेही नाही.”

तेव्हा, माय, मला कोंढा गावाकडचं ते धानाच्या रोपांचं रोवणं आठवलं. मी नुकती पोरसवदा होते. नवं पोलकं, बाह्या दंडाला घट्ट, सगळ्या बायांना दाखवायचं म्हणून ते घालून मी धानाच्या बांधीत उतरले. तू बांधावरूनच ओरडलीस, “रोवाले आली का वरातीत आली वं?” मी ऐकलं नाही. ओणवी होऊन हात पुढे टाकते, मागे घेते, पुन्हा टाकते, आणि दुपारच्या आत पोलकं काखेत टर्रकन फाटतं. रांगेतल्या बाया हसतात. मी चिखलात तशीच उभी, हात अंगाला चिकटवून. तू बांधावरून खाली उतरून येतेस. लुगड्यावर घातलेला बाबांचा जुना लांब बाह्यांचा सदरा उतरवतेस आणि माझ्या अंगात घालतेस. त्याची काख तू आधीच दातांनी उसवून ठेवली होतीस, हात मोकळा चालावा म्हणून. सगळ्याच बायांच्या सदऱ्यांच्या काखा तशाच होत्या. मी त्याआधी पाहिल्याच नव्हत्या.

म्हणजे बघ, तू जे उसवलंस तेच मी शिवून बसले होते. मग मी पोरीला काही समजावलं नाही. मला समजावताही आलं नसतं. तिच्या शेजारी बसले आणि एकेक टाका उसवू लागले. दोरा दिसेना तर तिने टाका दाखवायचा आणि मी कापायचा. मधेच तिला सदऱ्याची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, “मंग पणजीनं दुसरा सदरा घातला का?” मी म्हटलं, “दुसरा होताच कुठं?” सुईच्या खुणा कापडावर राहिल्या, त्या काही गेल्या नाहीत. एकदा तिने बोटाने चाचपून पाहिल्या आणि म्हणाली, “जातो मी उद्या. हेच घालून.”

काल गेली ती. मी दारात खुर्ची टाकून बसले होते. दुपारी आली, नाक लाल, बुटांना गवत चिकटलेलं.

“जिकली का?”

“शेवटून दुसरी.”

“आन् जाकीट?”

“कोणी पाह्यलंच नाही, आजी. कोणाचंच ध्यान नव्हतं.” आणि हे ती इतकी खूश होऊन सांगत होती! पुढच्या रविवारीही ये म्हणाले म्हणे.

मी म्हटलं, बरं झालं. तूही हेच म्हणाली असतीस. बाईमाणसाकडे कोणी वळून पाहिलं नाही म्हणजे दिवस नीट गेला, असं तुझं होतं. पण मला कळत नाही, माय. इतकं निवडलं, इतकं भांडलो, शिवलं, उसवलं, ते कोणी पाहू नये म्हणून? पिवळं आज परत गेलं. पार्सलवाल्याच्या हातात देताना मी ते जरा जास्त वेळ धरून ठेवलं, हे या लिहिणारीलाही ठाऊक नव्हतं. आता झालं. लिही, लिही, थांबू नको.

ही चिठ्ठी कुठे धाडायची, ते तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. उशाखाली राहील. फक्त एवढं सांगते. बरं झालं असं मी म्हटलं ना, ते तितकंसं खरं नव्हतं. कोणीतरी एकाने तरी तिच्याकडे पाहायला हवं होतं.