तक्रार खिडकी आणि मेंदूचा खुराक

३ मार्च
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. पाणीबिलांच्या खिडकीवर गेल्या महिन्यात एकेचाळीस तक्रारी आल्या, त्यातल्या एकोणतीस माझ्याबद्दल. महिनाअखेरपर्यंत वागणं सुधारा, नाहीतर खिडकी जाईल, तळघरातली रेकॉर्ड रूम मिळेल म्हणे. सतरा वर्षं सांभाळलेली खिडकी! माझा मूड उत्तमच असतो. लोक घाणेरडे आहेत. थुंकी लावून नोटा मोजतात आणि तेच बोट काचेला टेकवतात. शी!

४ मार्च
मेहुणा पावडर घेऊन आला. अमिनो अ‍ॅसिड. मेंदूला खुराक, मूड एकदम फ्रेश, म्हणाला. त्याचा स्वतःचा चेहरा कायम सुतकी. तरी घेतली. खिडकीसाठी वाट्टेल ते. उद्यापासून कोणावरही ओरडणार नाही.

५ मार्च, सकाळी ७
पहिला डोस. वास नासक्या अंड्याचा. चव लिहवत नाही. पण मेंदूत काहीतरी हललं, नक्की.

संध्याकाळी
फक्त सहा जणांवर ओरडलो. सातवे आजोबा बहिरे होते, ते धरत नाही.

७ मार्च
मला ढेकर आला की समोरचा मागे सरकतो. रांग आपोआप कमी. हा साइड इफेक्ट नव्हे, इफेक्टच. टायपिस्टबाईंनी मात्र टेबल पार दाराशी नेलं. नाजूकपणाचं नाटक! स्वतः कंगव्यातले केस ड्रॉवरमध्ये साठवतात, ते नाही दिसत कोणाला.

९ मार्च
डोस दुप्पट. मेंदू मोठा असेल तर खुराक मोठाच लागणार.

१० मार्च
पोट बिघडलं. सकाळपासून अकरा फेऱ्या. ऑफिसला फोन केला. साहेब फार प्रेमाने म्हणाले, अजिबात घाई करू नका. माझी किंमत कळायला लागलीय.

१४ मार्च
अजून घरीच. पावडर बंद, संकल्प चालू. हिला अगदी शांतपणे सांगितलं की ओट्यावरचं फडकं कुबट आहे, बादलीला बुळबुळीत थर आहे आणि ती चहा पिताना फुर्रफुर्र आवाज करते. ही कप घेऊन बाल्कनीत गेली. एका कपाला पाऊण तास लागला.

१८ मार्च
शिपायाचा फोन. मी गेल्यापासून खिडकीवर एकही तक्रार नाही! सतरा वर्षं लावलेली शिस्त फळाला आली. लगेच साहेबांना कळवलं, उद्या येतो. ते म्हणाले, अजून पंधरा दिवस आराम करा. हे ऐकून हिचा चेहरा पडला. माझी काळजी, दुसरं काय. मग फोन घेऊन बाल्कनीत गेली आणि बराच वेळ बोलत बसली. भावाशीच असणार.

तासाभराने साहेबांचा फोन, उद्याच या. शेवटी माझ्यावाचून अडलंच!

१९ मार्च
हिने सात वाजताच डबा भरून ठेवला होता. गुणगुणत होती. पावडरही पिशवीत घातलीन.

खिडकीत टायपिस्टबाई बसलेल्या. काच लख्ख. रांगेतले लोक चक्क हसत होते. साहेबांना विचारलं, माझी खिडकी? ते फाइलमध्ये बघत म्हणाले, "तुमच्या मिसेसचा फोन होता. म्हणाल्या, नऊ दिवस मी सांभाळलं, आता तुमची पाळी."

पिशवी उचलून तळघरात उतरलो.

रेकॉर्ड रूमला खिडकी नाही. ओल आहे. उंदीर आहेत म्हणतात, पण दिवसभरात एकही फिरकला नाही.

आज कोणावरही ओरडलो नाही. खाली कोणी येतच नाही.