वांगं बंद

६ जुलै १९५७, शनिवार. रिठद.

आज कांदेनवमी. पोटभर कांदा अन् पोटभर वांगं खाऊन घेतलं. आता चंपाषष्ठीपर्यंत दोन्ही बंद. आमच्या घरात हे पाळतात, मी तर कडक पाळतो.

दुसरी गोष्ट मोठी आहे. गावाची भाजीबाग सुरू झाली. कमलीवहिनीनं (माझ्या मोठ्या चुलतभावाची बायको, भाऊ वारल्यापासून वावर तीच पाहते) विहिरीजवळचा तुकडा गावाले दिला. श्रमदानानं भाजी पिकवायची, जो हात लावंल त्यानं घरी न्यायची. अध्यक्ष कोण यावर चर्चा झाली नाही. मीच उठून नाव सुचवलं, माझं. कोणी काही बोललं नाही. यालेच एकमत म्हणतात. कारंज्याच्या शेतकी ट्रेनिंग कँपात राहून आलेला माणूस गावात मी एकटाच आहे, हे लोकायले कळते.

मग ओट्यावर उभा राहून जाहीर केलं. चंपाषष्ठीले खंडोबापुढे अख्ख्या गावाची पंगत बसंल, अन् तिच्यात बाहेरून आणलेली एकही भाजी राहणार नाही. एक जरी सापडली तरी हा रतनसिंग अध्यक्षपद सोडंल. टाळ्या पडल्या. शफीक टेलरनं जरा जास्तच वाजवल्या. त्याले सेक्रेटरी केलं.

१० जुलै, बुधवार

वाफे आखून घेतले. मी निंबाखाली बाज टाकून देखरेख केली. देखरेख उभ्यानं होत नाही, चक्कर येते.

बाया पाट्या भरभरून वांग्याची रोपं घेऊन आल्या. शफीकच्या आईनं, जैतुनबीनं, घरामागं वाढवली होती म्हणे. मी थांबवलं. चार महिने जे तोंडात घालायचं नाही ते लावायचं कायले? कमलीवहिनी म्हणे, भाऊजी, रोप आज लावलं म्हणून वांगं उद्या लागत नाही. मी म्हणलं, वहिनी, डिसिप्लिन. त्यायनं पाट्या खाली ठेवल्या. पटलं असंल.

ठराव पास: बागेत वांगं बंद. रोपं कुंपणापाशी फेकून द्यायले लावली. त्याच्या जागी ग्रामसेवकानं दिलेलं बी, गड्डाकोबी अन् नवलकोल. नवलकोल इथं कोणी पाह्यलेलं नाही. म्हणूनच लावायचं.

ग्रामसेवक म्हणे, हे थंडीचं पीक आहे, पाऊस सरल्यावर पेरा. त्यायचं वय लहान आहे. मी आजच पेरून घेतलं.

२ ऑगस्ट, शुक्रवार

कोबी पावसानं सडली. नवलकोल उगवलंच नाही. ही ट्रायल होती. ट्रायल अशीच असते.

पक्कं ठरवलं: उद्यापासून पहाटे पाच वाजता उठून अख्खी बाग, या टोकापासून त्या टोकापर्यंत, स्वतः पायी फिरायची.

३ ऑगस्ट, शनिवार

पाऊस. जोडे ओले.

४ ऑगस्ट, रविवार

जोडे वाळले नाहीत.

१ सप्टेंबर, रविवार

ग्रामसेवकानं पुन्हा बी दिलं. देताना हसले. मी नाही हसलो.

बाकी बाग बरी दिसून राह्यली. भेंडी, चवळी, सांबार (कोथिंबीर), मिरची, सगळं बाया-माणसं टोपल्या भरून नेतात. मी कडक शिस्त लावली त्याचा हा परिणाम. मागल्या टोकाले तूर अन् अंबाडी अशी माजली की पलीकडचं काही दिसत नाही. बाया तिकडं जातात अन् बराच वेळ येत नाहीत. गोमती (माझी बायको) पण जाते. येतात त्या हसत येतात. काय आहे तिकडं विचारलं, तर म्हणे गवत काढून राह्यलो. मी काही गेलो नाही. तिकडं चिखल आहे, साप निघते म्हणतात. अध्यक्षाले काही झालं तर बाग कोणाच्या तोंडाकडं पाहील?

२९ सप्टेंबर, रविवार

शफीककडं सदऱ्याचं माप द्यायले गेलो. घरात भरताचा वास. त्यायले चातुर्मास नाही, खाऊ द्या, आपली हरकत नाही. पण एवढा खमंग वास यावा अशी काय गरज? नाकाले पंचा लावून माप दिलं, त्यानं छाती कमी मोजली. वांगी कुठची, विचारलं. म्हणे, अम्मीले माहीत. सेक्रेटरी मोकळं बोलून राह्यला नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार

नवलकोल उगवलं. पाहण्यासारखं आहे. पण कंद जमिनीच्या वर उघडा पडलेला. म्हणजे खुरपणाऱ्याचा आळस. सगळ्यावर माती ओढून घेतली. खुरपायले आलेला जगदेव म्हणे, दादा, ते वरच राहते. जगदेवचं वावर आहे, पण कँप कोणी केला?

२० ऑक्टोबर, रविवार

गोमतीनं दिवाळीची झाडलोट करता करता सहज विचारलं, चंपाषष्ठीच्या भरताले वांगी कुठून आणता?

मी पाणी मागतलं.

चंपाषष्ठीले खंडोबाले भरीत-रोडग्याचा नैवेद्य. हे मले माहीत नव्हतं असं नाही. लहानपणापासून माहीत आहे. पण ते असं एकदम समोर येऊन उभं राहील असं वाटलं नव्हतं. अख्खं गाव त्या दिवशी भरीत खाते, अन् माझ्या बागेत वांगं बंद.

घाबरलो नाही. ठराव बरोबरच होता. चातुर्मासात वांगं चालत नाही हे धर्म सांगते. चातुर्मास संपते, हे तेव्हा कोणी आठवण करून दिलं नाही. ही चूक सेक्रेटरीची.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

प्रयोग. नवलकोलाचं भरीत. गोवऱ्यांच्या आरावर भाजलं. वरून कोळसा झाला, आतून कच्चं राह्यलं. ज्यायच्यावर माती ओढली होती त्यातली बरीच नासली निघाली, ती गोष्ट वेगळी. ठेचून तेल, मिरची घातली. गोमतीनं एक घास खाल्ला अन् बाहेर गेली. बराच वेळ आत आली नाही. मी सगळं संपवलं. नवीन चव आहे, सवय करावी लागंल. देवाले तरी किती वर्षं तेच ते भरीत द्यायचं?

४ नोव्हेंबर, सोमवार

ओट्यावर लेक्चर दिलं. यंदा नैवेद्यात नवलकोलाचं भरीत करून देशात नवीन पायंडा पाडावा. बाया तोंडाले पदर लावून बसल्या. कमलीवहिनी म्हणे, भाऊजी, आधी खंडोबाले विचारून या. अन् म्हणे, बाहेरची एकही भाजी नाही, हा शब्द आठवते ना? चार लोकांत विचारलं. मी म्हणलं, शब्द कोणाचा आहे पाहून बोला.

त्यातच बातमी. ब्लॉकचे साहेब पंगतीले येणार आहेत. बाग पाहतील, अध्यक्षांशी बोलतील. गोमतीले धोतर धुवायले टाकायले सांगतलं. ती म्हणे, पद सोडायच्या दिवशी धुतलेलं कायले लागते? तिचा स्वभाव असा आहे. पद मी सोडणार नाही. का सोडावं? चार महिने ऊन-पाऊस न पाहता त्या निंबाखाली कोण बसलं?

२५ नोव्हेंबर, सोमवार

कारंज्याले जाऊन आलो. घरी सांगतलं, बियाण्याची चौकशी. बाजारात वांग्यावर नुसती झुंबड. लांबोडकी, पांढरट-हिरवी अशी मिळाली, पोतंभर घेतली.

मी नीट विचार केला आहे. पंगतीत बाहेरून आणलेली भाजी राहणार नाही, असं मी म्हणलं होतं. वांगी आधी बागेत ठेवली अन् मग बागेतून काढली, की ती बागेतली झाली. कोणत्याही कोर्टात हे टिकंल.

मोटारीतून उतरलो तर शफीक समोर. पोत्यात काय, म्हणे. खत, म्हणलं. त्यानं एका बाजूनं धरू लागलं. म्हणे, रतनभाऊ, खताले देठ फुटले. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

२७ नोव्हेंबर, बुधवार. चंपाषष्ठी. सकाळी सहा

काम फत्ते. उजाडायच्या आत नवलकोलाच्या वाफ्यात पानाखाली वांगी मांडली. प्रत्येक झाडाखाली एक-एक, नैसर्गिक दिसावं म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा बागेत एवढा वाकलो. कंबर धरली. पण पाह्यलं तर डोळे भरून आले, खरं सांगतो. आज साहेबापुढं, वहिनीपुढं, अख्ख्या गावापुढं दाखवून देईन.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

काल सकाळनंतर लिहिलं नाही. कंबर.

खरं काय झालं ते कुठंतरी लिहिलेलं असावं, कारण गावात आता भलतंच सांगून राह्यले. साहेब आले. नमस्कार झाला. म्हणाले, अध्यक्ष, आज भरताचा दिवस, आधी वांग्याचे वाफे दाखवा. मी पुढं झालो. मागं साहेब, ग्रामसेवक, अन् अख्खं गाव. थेट नवलकोलापाशी नेलं, पान बाजूले केलं, म्हणलं, पहा.

साहेबानं वांगं उचललं. ते उचललं गेलं, तिथंच अडचण झाली. देठ कापलेला, खाली मुळी नाही, वर झाड नवलकोलाचं. साहेब शेतकीचे शिकलेले. त्यायनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ग्रामसेवक आभाळाकडं पाहून राह्यले. कमलीवहिनी म्हणे, साहेब, वांग्याचे वाफे मागं हायेत, भाऊजी तिकडं कधी आले नाही, त्यायले माहीत नाही.

अन् सगळे तुरीतून पलीकडं गेले. मले पण जावं लागलं. चिखल नव्हता. साप नव्हता.

वांगीच वांगी. जांभळी, गोल, तुळतुळीत, ओळीच्या ओळी, झाडं वजनानं वाकलेली. मी फेकायले लावलेली रोपं त्याच संध्याकाळी बायायनं मागं नेऊन लावली होती. चार महिने पाणी घातलं. जैतुनबी म्हणे, ले भाई, चंपाषष्ठी तो हर साल आती हाय. गोमती तिथंच उभी होती, टोपली घेऊन. चार महिने माझ्या शेजारी झोपून एक शब्द बोलली नाही. मी तिच्याकडं पाह्यलं. ती वांगी तोडत राह्यली.

मी डगमगलो नाही. साहेबाले म्हणलं, पाह्यलं का, बागेत वांगी आहेत. माझा शब्द खरा झाला. पंगतीत बाहेरची एकही भाजी नाही.

शफीक म्हणे, एक आहे. पोतंभर.

सगळे हसले. साहेब पण हसले, रुमाल लावून. गर्दीतून कोणी म्हणे, चार महिन्यांत गावानं बाहेरून काडी आणली नाही. जे आणलं ते अध्यक्षानं आणलं. वहिनीनं माझी वांगी गोळा करून बैलायपुढं टाकली, म्हणजे पंगत शुद्ध राह्यली. बैलायनं पण हुंगून सोडली.

पद मी स्वतः सोडलं. हे स्पष्ट लिहून ठेवतो. कोणी सोड म्हणलं नाही. उभा राह्यलो, बोटभर भाषण केलं, अन् सोडलं. थोडा थांबलो, कोणी आग्रह करंल म्हणून. रोडगे गरम होते, लोक जेवायले बसून राह्यले होते, तेव्हा आग्रहाले वेळ मिळाला नसंल. शफीकनं विचारलं, नवा अध्यक्ष निवडायचा का? कमलीवहिनी म्हणे, कायले? होता तेव्हा तरी काय अडलं होतं, अन् नसला तर काय अडंल? सगळ्यायनं माना हलवल्या. म्हणजे माझ्या जागेवर बसवावा असा एकही माणूस गावात नाही, हे एकमतानं मान्य झालं.

मग शफीक म्हणे, आता रतनभाऊ साधे मेंबर झाले, तर त्यायले पाण्याच्या पाळीत घ्या. उद्याच्या, शुक्रवारच्या पहाटेची पाळी दिली. मी तोंडावर सांगतलं, येणार नाही. अध्यक्ष राह्यलेल्या माणसानं बादली ओढायची नसते. वहिनीनं फक्त पानात भरीत वाढलं.

भरीत चांगलं झालं होतं. चार महिन्यांनी खाल्लं. दोनदा मागून घेतलं, तिसऱ्यांदा न मागता वाढलं. वांगी आमच्याच बागेची, चव राहणारच.

आता गोमतीनं बादली अन् दोर बाजेपाशी आणून ठेवला. मी पुन्हा सांगतलं, जाणार नाही म्हणजे नाही. ती म्हणे, बरं.

थोड्या वेळानं मीच विचारलं, तुरीतून मागं जायची वाट नेमकी कुठून आहे?