सौ.ची टेप आणि माझं जंगल

३ फेब्रुवारी
खाडीकाठच्या खारफुटीत किती कार्बन साठलाय ते मोजायचं काम साहेबांनी माझ्याकडे दिलं. रिपोर्टवर पहिलं नाव माझं. चौदा वर्षं या संस्थेत आहे, एकदाही छापून आलेलं नाही. संकल्प: रोज सकाळी सहाला साइटवर.

४ फेब्रुवारी, सकाळी ११
पोचलो तर भरती. भरती माझ्यासाठी थांबत नाही, त्यात माझा काय दोष? कामाची वाटणी केली. झाडं मी मोजणार. ज्युनियरने नळी खुपसून मीटरभर खोलीचा चिखल काढायचा. चिखलात कसला आलाय कार्बन! पण पोरीलाही काहीतरी काम हवं.

७ फेब्रुवारी
ऑफिसची टेप खाडीत पडली. खास होती, झाडाला गुंडाळली की थेट जाडी दाखवायची. कुणाला बोललो नाही. घरून सौ.ची शिवणकामाची टेप आणली. टेप ती टेप.

१९ फेब्रुवारी
ज्युनियर मांडीपर्यंत चिखलात. मी बूट नवे असल्यामुळे काठावरचीच झाडं मोजली. यालाच सॅम्पलिंग म्हणतात.

२ मार्च
आकडे आले! नेहमीच्या सतरा पट कार्बन! साहेबांना फोन केला. त्यांनी आकडा तीनदा विचारून घेतला. भारावले असणार.

५ मार्च
घात झाला. ज्युनियरला आकडे खटकले. मला न विचारता माझ्याच घरी जाऊन टेप पाहून आली. सौ.ने तिला समजावलं की ही टेप घेर सांगते, जाडी नाही. कंबर छत्तीस असली म्हणून बाई छत्तीस इंच रुंद नसते. दोघी पोट धरून हसल्या म्हणे. आणि ज्युनियर तशीच साहेबांकडे!
सौ.ला विचारलं, हे आधी नवऱ्याला सांगायला काय झालं होतं? तर म्हणते, टेप मला विचारून नेली होतीत का?
फार लागलं. घरचंच माणूस फितूर झालं.

६ मार्च
संकल्प: दोघींशी अबोला. साहेब माझ्याशी बोलत नाहीतच.

७ मार्च
सौ.शी बोलावं लागलं. मोजे सापडत नव्हते.

११ मे
रिपोर्ट आला. बहुतेक सगळा कार्बन चिखलात निघाला. पहिलं नाव ज्युनियरचं, दुसरं साहेबांचं. तिसरं नाहीच. शेवटच्या पानावर आभार: मोजमापातली चूक लक्षात आणून दिल्याबद्दल सौ.चे, पूर्ण नावानिशी.
मधलं नाव माझं आहे. स्पेलिंग चुकलंय.