थोरलेपणाचं माप

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हा नमस्कार मी जन्मभर तुलाच घालत आले आणि यापुढेही तो तुलाच पोचायला हवा, मग तुझ्या लेकीच्या प्रयोगशाळेचं म्हणणं काहीही असो. आज तिच्याकडून पाकीट आलं. आपण दिलेल्या रक्तातल्या पेशींवर कसल्याशा रासायनिक खुणा असतात, त्या वाचून माणसाचं शरीर खरं किती वर्षांचं झालंय ते म्हणे कळतं. माझं सत्तर वर्षांचं शरीर पंच्याहत्तरीला पोचलंय. तुझं त्र्याहत्तर वर्षांचं चौसष्टावर थांबलंय.

जी बाई दुपारी ताणून देते, गोड खाल्ल्याशिवाय ताटावरून उठत नाही आणि चालायचं म्हणून फक्त शेजारणीकडे जाते, ती चौसष्ट. मी पहाटे तळ्याला फेरी मारते, कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी शिकवलं तशी अजून पाठ ताठ ठेवून बसते, उकडलेल्या भाज्या निमूट चावते, ती मी पंच्याहत्तर. नोकरीभर दुकानादुकानांतून वजनमापं तपासली मी. असा तराजू कुठे सापडला असता तर तिथल्या तिथे जप्त केला असता.

बाकी क्षेम. मागच्या खोलीची खिडकी अडकत होती, ती सुताराकडून तासून घेतली. पलंग खिडकीजवळ सरकवलाय. म्हातारी झाले की तुझ्याकडे राहायला येईन असं तू म्हणाली होतीस, म्हणून आपलं कळवते. मी काही वाट पाहत बसलेली नाही.

लोभ आहे तेवढा पुरे, त्यात कीव मिसळू नये.
तुझी,
अजूनही धाकटी

११ मार्च

तीर्थरूप धाकटीस,
शि. सा. न. वि. वि.

दचकू नकोस. शास्त्राने तुला थोरली ठरवलं, तेव्हा नमस्कार आता माझाच. अक्षर बघून नाकही मुरडू नकोस. पेन नवीन आहे आणि तुझ्यासारखंच कोणाचं ऐकत नाही.

चौसष्ट हा आकडा मला भलताच मानवलाय. तिन्ही जिने मध्ये न थांबता चढते. परवा स्टुलावर उभी राहून पडदे काढले. शेजारीण खालून ओरडत होती, तिला म्हटलं, तू अडुसष्टची, मोठ्या माणसांनी असं घाबरायचंच.

राहता राहिली खोली. आपलं बोलणं म्हातारपणाचं झालं होतं आणि चौसष्ट म्हणजे काही म्हातारपण नव्हे. लेक ज्या गोळ्या तपासतेय त्या लागू पडल्या तर आणखी दहा वर्षं सहज पुढे ढकलता येतील असा माझा हिशेब आहे. तोवर खोलीत एखादी भाडेकरीण ठेव. तुलाही भांडायला माणूस मिळेल.

आशीर्वादाच्या प्रतीक्षेत,
तुझी नवी धाकटी

१६ मार्च

चि. शास्त्रीणबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचं डोकं तू फिरवलंस. अजून एक गोळी पोटात गेली नाही तर ही स्टुलावर चढली.

तू पाठवलेलं माहितीपत्रक मी दोनदा वाचलं. त्यात त्या झिजलेल्या पेशींचं लिहिलंय, ज्या मरतही नाहीत, कामही करत नाहीत, नुसत्या जागा अडवून आजूबाजूच्या चांगल्या पेशींना बिघडवतात. हे समजायला मला सूक्ष्मदर्शक लागला नाही. आमच्या कचेरीत त्यांना वरिष्ठ लिपिक म्हणत. त्यांना हटवणारी गोळी निघत असेल तर माझा पूर्ण पाठिंबा आहे.

पण मला एक सांग. एकाच वजनावर एकदाच नजर टाकून आम्ही कधी शिक्का मारला नाही. उतरवायचं, पुन्हा ठेवायचं, पुन्हा बघायचं. तू आमचं रक्त दुसऱ्यांदा मोजलंस का? नसेल तर मोज.

तुझी आई शंभर वर्षं जगो, माझी ना नाही. धडधाकट जगो. पण ती वाढीव वर्षं ती तिकडे तिसऱ्या मजल्यावर एकटी काढणार आणि मी इकडे दुसरा कप पालथा घालून ठेवणार, याला तुझं शास्त्र काय म्हणतं ते त्या पत्रकात कुठे सापडलं नाही.

जेवणाकडे लक्ष दे.
तुझी मावशी

२५ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आमच्या प्रयोगशाळेतही मोजणी तपासायला तू हवी होतीस. राखून ठेवलेलं तेच रक्त पुन्हा मोजलं. या वेळी तुझं सत्तर आलं आणि आईचं एकाहत्तर. या मोजणीत एकेका माणसामागे काही वर्षं इकडची तिकडे होतात. शेकडो माणसांची सरासरी काढून गोळीचा गुण येतोय का ते बघायला ती चांगली आहे, दोन बहिणींचं भांडण मिटवायला नाही. हे पाकिटातल्या कागदाच्या मागच्या बाजूला छापलंय, पण आपल्या घरात कागद उलटण्याआधी पत्र लिहायला बसतात.

आणि गोळीने आयुष्याची दहा वर्षं वाढतील असं मी आईला कधीही म्हणाले नाही. दुखणी उशिरा यावीत एवढीच आशा आहे, तीही अजून आशाच.

आता एक, जे मी सांगितलं असं म्हणू नकोस. आई त्या स्टुलावरून पडली. उजव्या मनगटाला प्लॅस्टर आहे. तुला कळवायचं नाही म्हणून डाव्या हाताने पत्र लिहिलं. माझ्याकडे ये म्हटलं तर म्हणते, लेकीकडे पाहुणी व्हावं लागतं. तुझं मात्र ती ऐकेल का, मला शंका आहे. कारण तू धाकटी.

तुझी भाची

२८ मार्च

चि. शास्त्रीणबाईस,
अनेक आशीर्वाद.

दुसऱ्या मोजणीचं आईला एवढ्यात कळवू नकोस. पहिला आकडा मला लागणार आहे.

मावशी

२८ मार्च

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

बरोबर वाचलंस, आशीर्वाद. मी पंच्याहत्तर, तू चौसष्ट. शास्त्रापुढे मी मान तुकवली. तेव्हा आता थोरली म्हणून बोलते, मध्ये तोंड घालू नये.

खिडकीजवळची जागा कोणाची, दिवा कधी मालवायचा, शाळेत कोणाशी बोलायचं नाही, सगळं थोरली म्हणून तू ठरवलंस आणि मी मुकाट ऐकलं. आता माझी पाळी. तुझ्या पेनाला प्लॅस्टर किती दिवस ठेवायचंय ते डॉक्टरांना विचार आणि ते घेऊनच इकडे ये. कोणी सांगितलं ते विचारू नकोस, आपल्या घरात शास्त्रीणबाई एकच आहे. स्टूल तिथेच ठेव, ते माझ्या घरात येणार नाही.

म्हातारी झाल्यावर येईन ही तुझी अट मला मान्य आहे. म्हातारी मी झालेय. मला इथे माणूस हवंय.

उलट उत्तर नको, गाडीची वेळ कळव.
तुझी थोरली

४ एप्रिल

ती. थोरलीस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी सकाळच्या गाडीने येते. लेक सोडायला येईल. पत्र तिलाच लिहायला लावलंय, ती मधेमधे हसते म्हणून अक्षर हललंय.

‘मला इथे माणूस हवंय’ हे तुझं वाक्य मी तिला दोनदा वाचायला लावलं. हे तू आधीच म्हणाली असतीस तर आपल्या दोघींचंही रक्त वाचलं असतं. वर्षं पुढे ढकलायचीच आहेत तर एकटीने कशाला ढकला, जड जातात.

आणि हो, दुसऱ्या मोजणीचं मला लेकीने तुझ्याआधीच सांगितलं होतं. म्हणजे थोरली अजून मीच. हा नमस्कार गाडीतून उतरेपर्यंतचा.

पलंग खिडकीजवळच राहू दे. दुसरा कप सुलटा कर.

तुझी,
ताई